आप्पांचा ऑफ सीझन

मे महिन्यात आमच्याकडे पाहुणे येत नाहीत. एकदा आलेले पुन्हा येत नाहीत, असं म्हणणं जास्त बरोबर. राहात्याच्या उन्हानं डांबर मऊ पडायला लागतं, नेमके तेव्हा आमच्या घरातले तिन्ही पंखे खाली उतरवलेले असतात. त्यांची पाती ओटीवर जुन्या साडीवर ओळीनं मांडलेली असतात, आणि मधोमध माझे सासरे, म्हणजे आप्पा, मांडी घालून बसलेले असतात. घाम पुसत पाहुण्यानं विचारलंच, की पंखे बिघडले का, तर आप्पा मान वर न करता सांगतात, "बिघडाया कशाला पायजे? ऑफ सीझन हाय."

आप्पा चौतीस वर्षं साखर कारखान्यात फिटर होते. कारखान्याचं वर्ष दोन भागांचं असतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाळप सुरू होतं ते ऊस संपेपर्यंत चालतं, तो सीझन. त्या काळात यंत्र थांबवायचं नाही. ऊस संपला की ऑफ सीझन. मग अख्खा कारखाना शेवटच्या नट-बोल्टापर्यंत उघडायचा, धुवायचा, झिजलेलं बदलायचं आणि पुन्हा जोडायचा. कारखान्यासाठी ही पद्धत उत्तम आहे. आप्पांनी निवृत्त झाल्यावर ती घराला लावली.

एका नोव्हेंबरात माझ्या कपाटाची मूठ निखळली. मी तसं सांगितलं तर म्हणाले, "सीझन चालू हाय म्याडम. आता काय खोलायचं न्हाई." मी एप्रिलपर्यंत ते कपाट चमच्यानं उघडत होते.

मला ते म्याडम म्हणतात. मी इथल्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हातात पुस्तक पाहिलं, तेव्हापासून. कारखान्यात ऑफिसातल्या बाईला म्याडम म्हणायची रीत होती, आणि हातात कागद असलेल्या माणसाशी वाद घालायची रीत नव्हती. त्यामुळे आमचं अकरा वर्षं बरं चाललं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं, की आमच्या संस्थेच्या नाशिकच्या कॉलेजात ग्रंथपालाची जागा रिकामी झाली आणि ती मला विचारली गेली. जूनपासून. नाशिकला माझी आई आणि भाऊ आहेत. इथे आता आप्पा आणि मी, दोघंच. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या. माझा नवरा, सुधीर, दोन वर्षांपूर्वी गेला. मी गेले तर ह्या घरात एकटे आप्पा राहणार होते. हो म्हणायचं की नाही, ह्या विचारात मी फार पानं वाचली आणि एकही लक्षात राहिलं नाही. आता काय ते ठरलंय, म्हणून लिहायला बसले.

तर, आप्पांची दुरुस्ती. इतरांच्या घरी दुरुस्तीनंतर दोन-चार स्क्रू उरतात असं ऐकलं आहे. आप्पांकडे कधी काही उरत नाही. उलट त्यांच्या हातून परत आलेली वस्तू वजनानं वाढलेली असते. मिक्सर खोलल्यावर आतले स्क्रू त्यांना पाहवले नाहीत. "ह्ये स्क्रू हायेत का मोहरी?" म्हणाले, आणि त्यांच्या जागी कारखान्यातल्या पेटीतले बोल्ट बसवले, प्रत्येकाला दोन वायसर लावून. तो मिक्सर आता मला एका हातानं उचलवत नाही. चटणी मात्र होते. चटणी होताना ओटा सरकतो.

स्वयंपाकघरात सहा डबे ठेवायला एक फळी हवी होती. आप्पांनी तिला अशा पट्ट्या आणि असे बोल्ट लावले की तिच्यावर म्हैस बांधता आली असती. आठव्या दिवशी मोठा आवाज झाला. आम्ही धावत गेलो. फळी पट्ट्यांसकट, बोल्टांसकट, सहा डब्यांसकट खाली आलेली होती, आणि बोल्टांना धरून भिंतीचा परातीएवढा तुकडा. आप्पांनी वाकून नीट पाहिलं. फळीवर हात फिरवला.

"बघ, फळीला काय झालं का?" ते सुधीरला म्हणाले. "एक आटा ढिला न्हाई. भिंतच कच्ची निघाली."

"आप्पा, भिंत तुम्हीच बांधून घेतली होती," सुधीर म्हणाला.

"व्हय. पर गवंड्याकडनं."

आप्पांची चूक कधीच नसते. एक तर माल कच्चा असतो, नाही तर डिझाईनमध्ये खोट असते. एका वर्षी त्यांनी घरातले सगळे पाण्याचे पाइप उघडे केले आणि कारखान्यासारखे रंगवले. गार पाण्याला हिरवा, गरम पाण्याला लाल. मोरीच्या पाइपाला त्यांनी काळा दिला, कारण मळीच्या लाइनीला काळा असतो. दिसायला घर एकदम शिस्तीचं झालं. फक्त जोडताना कुठला हिरवा कुठल्या हिरव्याला जोडायचा एवढंच राहून गेलं. त्याच आठवड्यात माझा भाऊ आणि वहिनी नाशिकहून आले. दादानं जेवायच्या आधी बेसिनचा नळ फिरवला. बेसिनमध्ये थेंब आला नाही. वहिनी नव्या साडीत पाय धुवायला न्हाणीघरात गेल्या होत्या, त्यांच्या डोक्यावर फवारा सुरू झाला.

वहिनी चिंब होऊन बाहेर आल्या. दादा बेसिनपाशी अजून नळ फिरवतच होता. आप्पा शांत होते.

"पानी आलं का?" त्यांनी विचारलं.

"आलं," वहिनी म्हणाल्या.

"आलं ना? मंग लाइन बराबर हाय. तोंड चुकलंय फकस्त."

दादा-वहिनी त्यानंतर फोनवरच चौकशी करतात.

ऑफ सीझन संपतो दसऱ्याला. कारखान्यात गाळपाच्या आधी बॉयलर पेटवायची पूजा असते, तशी आमच्याकडे गीझरची असते. गीझरला हार, हळदकुंकू, खाली नारळ. मग ट्रायल. ट्रायल म्हणजे घरातलं जे जे काही चालतं ते सगळं एकाच वेळी चालू करायचं. आप्पांच्या शब्दांत, फुल लोड. तिन्ही पंखे, मिक्सर, गीझर, इस्त्री, पाण्याची मोटर, टीव्ही. आप्पा ओटीवर उभे राहून हात वर करतात, सुधीर आतून एकेक बटण दाबत जायचा, आणि इस्त्रीपर्यंत आलं की आमची वीज जायची. आमच्याबरोबर गल्लीची. गल्लीनं हे कुरकुर न करता स्वीकारलं आहे. समोरच्या शिंदेकाकू दसऱ्याच्या सकाळी दारातूनच विचारतात, "आप्पा, यंदा मुहूर्त किती वाजता हाय? दळन आधी उरकून घेते."

"साडेधा," आप्पा सांगतात. "पर यंदा न्हाई जायची."

"व्हय, व्हय," म्हणत काकू डबा घेऊन गिरणीकडे निघतात.

हे घर तरीही चालत होतं, त्याला कारण बबन. बबन हा आमच्याकडचा वायरमन. शिर्डीतल्या लॉजांचे गीझर आणि नळ बघतो. आप्पांच्या लेखी तो माणूस नव्हे. "खोलायच्या आधीच नवीन आना म्हनतो. त्यो काय फिटर? दुकानदार हाय." म्हणून बबनचं येणं चोरून असायचं. आप्पांनी काही जोडलं की सुधीर त्यांना गुरुवारी शिर्डीला दर्शनाला पाठवायचा. गुरुवारच्या रांगेत चार तासांची निश्चिती असते. तेवढ्यात बबन येऊन आप्पांनी जोडलेलं सगळं पुन्हा उघडायचा, नीट जोडायचा आणि मागच्या दारानं जायचा. आप्पा प्रसाद घेऊन घरी यायचे, नळ फिरवून बघायचे, आणि समाधानानं म्हणायचे, "बघितलंस? फिटिंगला बसाया येळ लागतो. सकाळी नीट चालत नव्हतं. आता बसलं."

त्यांना खरं ठाऊक होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. एकदा बबनचा टेस्टर ओट्यावर राहून गेला होता. आप्पांनी तो उचलून पाहिला, आपल्या पेटीत टाकला आणि चहा मागितला.

सुधीर गेला तो जानेवारीत. आजार मोठा होता आणि वेळ थोडा. त्याविषयी मी इथे लिहिणार नाही. उसाच्या ट्रॉल्या रस्त्यानं जात होत्या आणि आप्पा ओटीवर बसून त्या बघत होते, एवढं आठवतं. त्या वर्षी ऑफ सीझनला त्यांनी नेहमीप्रमाणे सगळं उघडलं, आणि मग काही जोडेचनात. महिनाभर घर तसंच सुटं पडून होतं. पाती एकीकडे, नळ एकीकडे. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. आयुष्यभर पुस्तकांत राहिलेल्या माणसाला वाचता येईनासं झालं तर हातांचं काय करायचं ते कळत नाही. एका सकाळी मी आप्पांच्या शेजारी बसले आणि डिझेलच्या वाटीत नट धुवायला लागले. एकेक नट घासायचा, फडक्यावर ठेवायचा. दुपारपर्यंत दोनशेच्या वर झाले असतील. आप्पांनी एक उचलून उजेडात धरला.

"आट्यात घान ऱ्हायली," ते म्हणाले. "परत धुवा."

मी परत धुतला. दुसऱ्या दिवशीपासून ते जोडायला लागले. त्या वर्षी गुरुवारी त्यांना शिर्डीला मी पाठवलं. गेली दोन वर्षं बबनला फोन मीच करते. दसऱ्याला आतली बटणंही मीच दाबते.

आता ह्या मार्चची गोष्ट.

नाशिकचं मी जेवताना सांगितलं. अजून होकार दिलेला नाही, एवढंही सांगितलं. आप्पांनी घास संपवला. पाणी प्यायले.

"कवापासनं?"

"जूनपासून."

"राहनार कुठं?"

"दादानं त्याच्याजवळच एक फ्लॅट बघून ठेवलाय. भाड्यानं. तिसऱ्या मजल्यावर."

आप्पा उठून हात धुवायला गेले. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर माझ्या खोलीतला पंखा खाली होता.

मार्चमध्ये. रस्त्यानं अजून उसाच्या गाड्या जात होत्या. गल्लीत हा चर्चेचा विषय झाला. शिंदेकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आप्पा, औंदा लवकर? ऊस अजून उभाय की रानात."

"लोकांचा आसंल," आप्पा म्हणाले. "आमचा सपला."

चार दिवसांत माझं टेबल सुटं झालं. मग खाट. मग माझं पुस्तकांचं कपाट. ते मात्र मला सहन झालं नाही. सागवानी कपाट, भिंतीएवढं. मी आले तर पुस्तकं जमिनीवर रचलेली, आणि आप्पा कपाटाच्या दोन्ही बाजू करवतीनं मधोमध कापत होते.

"आप्पा, हे काय करताय?"

"सांधं ढिलं झाल्यात."

"सांधे ढिले झाले तर मधून कापतात?"

"डिझाईनमदी खोट हाय."

मी सहसा आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. म्हटलं, "मी जाऊ नये म्हणून चाललंय ना हे सगळं? तसं सांगा सरळ. माझ्या वस्तू कशाला मोडताय?"

आप्पांनी करवत खाली ठेवली. लाकडाचा भुसा झटकला. "म्याडम, तुमी कवा जानार त्ये सांगा," ते म्हणाले. "तवर हुईल काम."

मला ते टोमण्यासारखं लागलं. पंधरा दिवस आम्ही मिठाचं आणि चहाचं तेवढं बोललो. मी पुस्तकांच्या ढिगाशेजारी गादी टाकून झोपत होते आणि मनातल्या मनात नाशिकला हो म्हणत होते. एप्रिलच्या सुरुवातीला तसं कळवूनही टाकलं. रागात घेतलेला निर्णय फार सोपा वाटतो.

मग एका दुपारी दादाचा फोन आला. मी वाचनालयात होते.

"तुझ्या सासऱ्यांना जरा सांग ना," तो म्हणाला. "एक दिवसाआड फोन येतो. मी मीटिंगमध्ये असतो."

"कोणाचा? आप्पांचा?"

"मग कोणाचा. आधी म्हणाले, जिन्याची रुंदी माप. मग म्हणाले, वळणावर माप. पुस्तकं ठेवायच्या भिंतीचं माप तीनदा घ्यायला लावलं. पंख्याचा हूक आहे का, तो हलवून बघ म्हणाले. मी स्टुलावर चढून हूक हलवला गं. काल विचारलं, खिडकीतनं सकाळचं ऊन कुठवर येतं. मी म्हटलं कशाला? तर म्हणाले, तिचं टेबल कुठं ठिवायचं त्ये ठरवायचंय."

मी अर्धा दिवस रजा टाकून घरी आले. आप्पा ओटीवर डुलकी काढत होते. मी आत जाऊन प्रथमच नीट पाहिलं. कपाटाचे आठ भाग झाले होते. प्रत्येक भागाच्या कडेला ओळीनं भोकं, आणि ती जोडायचे बोल्ट कापडी पिशव्यांत भरून त्या त्या भागाला बांधलेले. प्रत्येक भागावर पांढऱ्या रंगानं आकडा. कारखान्यात यंत्र खोलताना घालतात तसे, शेजारच्या भागाचा आकडाही बारीक लिहिलेला. टेबलाला आकडे होते. खाटेला होते. पंख्याच्या पात्यांना होते. सत्तावीसपर्यंत.

मागून आप्पांचा आवाज आला. "जिन्याला वळान हाय. अख्खं कपाट जात न्हाई. दोरीनं वर वढलं आसतं, पर खाली वायरी हायेत." त्या इमारतीत त्यांनी कधी पाय ठेवलेला नाही.

"मला सांगायचंत ना," मी म्हटलं.

"काय सांगायचं? मग तुमी म्हनला आसता, कशाला तरास. बबन्याला बोलावलं आसतं."

 मी उगीच स्वयंपाकघरात गेले. तिथून मधल्या खोलीत, मग आप्पांच्या खोलीत. तिथे त्यांचा पंखा गोणपाटात बांधून कोपऱ्यात ठेवलेला होता. लोखंडी खाट सुटी करून भिंतीला टेकवलेली, आणि तिच्या प्रत्येक तुकड्याला ग्रीसचा जाड थर. पलीकडे न्हाणीघरात गीझरलाही ग्रीस. एक सोडून सगळ्या नळांचं पाणी बंद करून तोंडांना गळू नये म्हणून सफेदा आणि सुतळी, हे सकाळी मी गेल्यावर केलेलं. ह्या वस्तूंवर मात्र आकडे नव्हते.

"ह्याला ग्रीस कशाला लावलंय?"

"बंद ठिवायचं यंत्र आसंच ठिवत्यात. गंजत न्हाई."

"आणि तुम्ही?"

"मी ओटीवर. एक नळ ठिवलाय चालू." मग म्हणाले, "एका मानसासाठी कोन सीझन काढतं?"

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. ऊस नसला की कारखाना चालवत नाहीत, एवढं साधं ते होतं. मी सुटका शोधल्यासारखं खिडकीबाहेर पाहिलं. शिंदेकाकू दळण घेऊन चालल्या होत्या. काहीतरी बोलायला हवं होतं आणि खरं असं जवळ काही नव्हतं.

"दादा म्हणत होता, त्या फ्लॅटमधले नळ गळतात," मी म्हटलं.

आप्पांनी वर पाहिलं. "कंचा?"

"सगळेच."

"जीआय पाइप हाय का प्लास्टिक?"

"मला काय कळतंय त्यातलं."

"बघाया पायजे," ते म्हणाले.

"बघायलाच या म्हणतेय."

आप्पा दाराच्या कडीवरून बोट फिरवत राहिले. थोडी जमीन होती ती भावकीकडे वाट्यानं दिलेली, तिची अडचण नव्हती. घराला कुलूप लागेल, हाच त्यांचा विचार असावा. सुधीर ज्या घरात वाढला त्याला कुलूप. माझ्याही मनात तोच होता.

"ऑफ सीझनपुरता," शेवटी ते म्हणाले. "दसऱ्याला मी माघारी."

"दसऱ्याचं दसऱ्याला बघू."

"तसं न्हाई. आदी ठरवायचं."

"बरं. ऑफ सीझनपुरतं."

मी अंगणात जाऊन दादाला फोन लावला आणि सांगितलं, की आप्पांनी विचारलं तर नळ गळतात म्हणून सांग.

"नवा फ्लॅट आहे गं," दादा म्हणाला. "एकही गळत नाही."

"गळतील," मी म्हटलं. "आप्पा येतायत."

दादानं विचारलं, की न्हाणीघरातला फवारा आधीच काढून ठेवू का. मी नको म्हटलं.

परत आत आले तेव्हा आप्पा त्यांच्या खोलीत खाली बसले होते. खाटेचा एक पाय त्यांनी मांडीवर घेतला होता आणि डिझेलच्या चिंधीनं त्यावरचं ग्रीस पुसत होते. ग्रीसवर रंग धरत नाही. लोखंड कोरडं झालं की नाही ते त्यांनी बोटानं बघितलं, रंगाच्या डबीत काडी बुडवली, आणि सावकाश, जोर देऊन, अठ्ठावीसचा आकडा काढला.